बेहड्याची फळे आणि आकड्याचा डाव

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान मराठी वाचकाला आठवते ते हंसामुळे. रघुनाथपंडिताच्या आख्यानाने तो हंस आपल्या मनात असा काही वसवला, की त्याच कथेच्या उत्तरार्धात वाटेवर उभे असलेले एक झाड आपल्या नजरेतून निसटले. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे, कुंडिनपुराकडे निघालेला आहे. (परंपरेने हे कुंडिनपूर म्हणजे आमच्या अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर.) रथ हाकतो आहे बाहुक, म्हणजे द्यूतात राज्य घालवून विरूप झालेला नल. वाटेत बेहड्याचा वृक्ष लागतो आणि राजा धावत्या रथातून सांगून टाकतो की, याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आहेत आणि दोन हजार पंचाण्णव फळे आहेत. नलाला हे पटत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो, फळे मोजतो. ती तितकीच भरतात.

सेकंदाला एक या वेगाने पाच कोटी पाने मोजायची तर दीड वर्षाहून अधिक काळ लागेल, आणि राजाला तर संध्याकाळपर्यंत विदर्भात पोहोचायचे होते! पण मुद्दा पानांचा नाही. एवढा अंदाज कसा केला असे विचारताच ऋतुपर्ण उत्तर देतो की आपण अक्षविद्येत जाणते आहोत आणि गणनेतही निपुण आहोत. फाशांचे ज्ञान आणि थोड्यावरून पुष्कळाचा अदमास घेण्याचे ज्ञान तो एकाच श्वासात सांगतो. तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या कल्पनेचा उगम शोधणाऱ्या १९७५ च्या ग्रंथात या कथेची आवर्जून दखल घेतली, ती याच कारणाने. युरोपात पास्कल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार १६५४ चा. त्याच्या कितीतरी शतके आधी आपल्याकडील एका कथाकाराला जुगार आणि गणित यांचे नाते जाणवलेले होते.

झाड बेहड्याचेच का, याचे उत्तर आणखी रोचक आहे. वैदिक काळी द्यूतात आजच्यासारखे ठिपक्यांचे फासे नव्हते. बेहड्याच्या बियाच फासे म्हणून वापरल्या जात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील द्यूतकाराच्या सूक्तातले फासे हेच. ढिगातून मूठभर बिया उचलायच्या, त्या चारचारांनी मोजायच्या आणि बाकी पाहायची, अशी त्या खेळाची रीत अभ्यासक सांगतात. बाकी शून्य म्हणजे कृत, तीन म्हणजे त्रेता, दोन म्हणजे द्वापर आणि एक उरला तर कली. नलाच्या देहात शिरलेला कली हा असा हरलेल्या डावाची बाकी आहे! ऋतुपर्णाकडून अक्षहृदय मिळताच तो नलाच्या शरीरातून बाहेर पडतो आणि आसरा घेतो तोही बेहड्याच्याच झाडात. तेव्हा बेहड्याची फळे मोजणारा राजा वस्तुतः फासेच मोजत होता.

आमच्या प्रदेशाशी जुगाराचा दुसरा संबंध मराठी गद्याच्या थेट उगमाशी आहे. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त श्रीचक्रधरांच्या पूर्वायुष्याची हकीकत येते. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरपाळदेव द्यूताच्या नादी लागतो, हरतो, पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागतो आणि ती देत नाही. त्या नकाराने खिन्न झालेला हा तरुण रामयात्रेच्या, म्हणजे आमच्या रामटेकच्या, निमित्ताने घर सोडतो आणि ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंपाशी पोहोचतो. मराठीच्या प्राध्यापकांनी हा प्रसंग वैराग्याचे कारण म्हणून वर्षानुवर्षे शिकवला. आम्हीही शिकवतो. पण देणे फेडण्यासाठी बायकोच्या दागिन्यांकडे वळणारी नजर तेराव्या शतकातली म्हणून जुनी झाली आहे, असे धंतोलीतला कोणताही सराफ म्हणणार नाही.

यापुढचा दुवा कापसाचा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७७ च्या पहिल्या दिवशी येथे टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस गाठी बांधून मुंबईला जाई आणि त्याच्या भावाचा आकडा तारेने सातासमुद्रापलीकडे. पुढे मुंबईत लोकांनी कापूस बाजूला ठेवला आणि नुसता आकडा उचलला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जो भाव निघे, त्याच्या अंकांवर पैसे लावायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे मटक्यातील शब्द तिथले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून हे भाव येणे थांबले, तेव्हा खेळ थांबायला हवा होता, थांबला नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडा काढण्याची व्यवस्था उभी केली. मडक्यातून चिठ्ठ्या, पुढे पत्त्यांच्या जोडातून पाने. शेतात कापूस पिकवणाऱ्याचा या आकड्याशी आता कसलाच संबंध उरला नव्हता.

मटक्याची रीत पाहा. तीन अंक काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि एककाचा अंक घ्यायचा. तीन, पाच आणि आठ आले तर बेरीज सोळा आणि आकडा सहा. म्हणजे दहाने भागून उरणारी बाकी. वैदिक जुगारी चारने भागत होता, गिरणगावातला कामगार दहाने. मधल्या काळात भाजक तेवढा बदलला. एका आकड्याला साधारणतः नऊपट पैसे मिळतात. दहा आकड्यांवर दहादहा रुपये लावले तर शंभर जातात आणि नव्वद परत येतात. दहा रुपये चालवणाऱ्याचे, मग आकडा कोणताही येवो.

असे असूनही मटक्याचा खरा भक्त आंधळेपणाने आकडा लावत नाही. तो चार्ट पाहतो. मागील आठवड्यांचे, महिन्यांचे, वर्षांचे आकडे रकान्यांत मांडलेले असतात आणि तो त्यांतून रेषा ओढतो, ‘हा आकडा बरेच दिवस आला नाही’ असे ताडतो. हा माणूस आळशी नाही. एखाद्या संशोधकाला लाजवील इतक्या चिकाटीने तो बसलेला असतो. दुर्दैव एवढेच की सोडत प्रामाणिक असेल तर कालच्या आकड्याला आजच्याची काहीच खबर नसते, आणि ती अप्रामाणिक असेल तर खबर चार्टमध्ये नसते.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या वर्गातील मुले. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या प्लेऑफचे सामने एप्रिल ते जून या काळात होतात. तिकडे पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजतात तेव्हा नागपुरात पहाटेचे साडेपाच असतात. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या पोराला ही वेळ सोयीची. त्यांच्या फोनवर आम्ही संघांचे तक्ते पाहिले आणि प्रथमदर्शनी आम्हाला मटक्याचा चार्ट आठवला. ही तुलना अन्यायाची आहे, हे मात्र लगेच सांगितले पाहिजे. बास्केटबॉलच्या संघाला स्मृती असते. तेच खेळाडू, तोच प्रशिक्षक, त्याच सवयी. डीन ऑलिव्हर यांनी २००४ च्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकात विजयाची चार अंगे सांगितली: नेमबाजीची परिणामकारकता, चेंडू गमावण्याचे प्रमाण, चुकलेला चेंडू पुन्हा मिळवणे आणि मुक्त फेक. त्यांना त्यांनी साधारण चाळीस, पंचवीस, वीस आणि पंधरा टक्के असे वजन दिले. एकूण गुण मोजण्यापेक्षा दर शंभर संधींमागे किती गुण केले आणि किती दिले हे मोजणे अधिक न्याय्य, कारण एक संघ धावपळीचा खेळ खेळतो आणि दुसरा संथ. हे खरे ज्ञान आहे. ऋतुपर्णाने दोन फांद्या पाहिल्या, येथे ब्याऐंशी सामने पाहायला मिळतात.

आणि तरीही प्लेऑफमध्ये ते अडखळते. २००७ मध्ये डॅलस मॅव्हरिक्स हा संघ ६७ सामने जिंकून आणि अवघे १५ हरून अग्रस्थानी होता. समोर आठव्या क्रमांकाने कसाबसा आत आलेला गोल्डन स्टेट वॉरियर्स, ४२ विजय आणि ४० पराभव. कोणताही तक्ता एकच उत्तर देत होता. डॅलस ती मालिका ४-२ ने हरला. पण त्या हंगामात हे दोन संघ तीनदा समोरासमोर आले होते आणि तिन्ही वेळा गोल्डन स्टेट जिंकला होता. शिवाय त्यांचे प्रशिक्षक डॉन नेल्सन पूर्वी डॅलसचेच प्रशिक्षक होते. संघाची सरासरी ही तीसभर निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांचा काढा असते. प्लेऑफमध्ये एकच प्रतिस्पर्धी सात वेळा समोर येऊ शकतो आणि दर वेळी त्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. यावर कोणी म्हणेल, मग परस्परांतील तीन सामनेच पाहावेत. परंतु तीन सामने म्हणजे तीन फळे. त्यांवरून फांदीचा हिशेब ऋतुपर्णही करणार नाही. २०२३ मध्ये मायामी हीटने हंगामभर केलेल्या गुणांपेक्षा दिलेले गुण किंचित अधिक होते. त्यांनी ५८ सामने जिंकलेल्या मिल्वॉकी बक्सला ४-१ ने हरवले. बक्सचा यानिस आन्टेटोकुम्पो पहिल्याच सामन्यात पाठीला मार लागून बाहेर गेला होता, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

येथे पास्कल पुन्हा भेटतो. त्याला विचारलेले कोडेच असे होते, की ठरावीक डाव आधी जिंकेल तो पैज जिंकेल असे ठरले असताना खेळ मध्येच मोडला, तर रक्कम कशी वाटावी? सात सामन्यांच्या मालिकेचे तेच गणित. दोन्ही संघ तुल्यबळ धरले आणि एक ३-१ ने पुढे असला, तर त्याची बाजू आठात सात. २०१६ च्या अंतिम फेरीत, हंगामात ७३ सामने जिंकण्याचा विक्रम केलेला वॉरियर्स संघ असाच ३-१ ने पुढे होता. क्लीव्हलँडने पुढचे तीन सामने जिंकले. आठातला एक तो हाच. एखादा संघ दर सामन्यात शंभरात साठ वेळा जिंकण्याइतका सरस असेल, तर मालिका तो शंभरात सुमारे एकाहत्तर वेळा जिंकेल. म्हणजे एकोणतीस वेळा सरस संघ हरेल, आणि त्यात कोणाचीही चूक नसेल.

इथवरचे गणित शिकवण्यासारखे आहे. पैसे लावताना मात्र प्रश्नच बदलतो, आणि आमच्या मते खरी फसगत तिथे आहे. कोणता संघ सरस, हे सट्टेबाजाला आपल्याइतकेच, किंबहुना अधिक कळते. ते ज्ञान त्याने भावात आधीच घातलेले असते. सरस संघाला आधीच गुणांचे ओझे द्यायचे, म्हणजे दोन्ही बाजू समसमान होतात, ही युक्ती रुळवण्याचे श्रेय चार्ल्स मॅकनील या गणिताच्या माजी शिक्षकाला दिले जाते. (आमच्या पेशाची ही शाखा आम्हाला ठाऊक नव्हती!) त्या समसमान डावात अमेरिकेतील रूढ दर एकशेदहा लावून शंभर मिळवण्याचा आहे. तिथे नुसते बरोबरीत राहायला शंभरात बावन्नाहून अधिक वेळा खरे ठरावे लागते. तक्ते वाचणारा मुलगा अडाणी माणसाशी खेळत नसतो. तेच तक्ते वाचून ठरलेल्या किमतीशी तो खेळत असतो. मटक्याचा चार्ट खोटा आणि हा खरा, पण खिशावरचा परिणाम बहुतेकांच्या बाबतीत सारखाच. उलट खरा तक्ता अधिक घातक म्हणावा, कारण आपण जुगार खेळत नसून अभ्यास करीत आहोत, असे तो पटवून देतो.

म्हणूनच ज्याला तक्त्याबाहेरचे काही कळते, त्याची किंमत वाढते. जानेवारी २००७ मध्ये नागपुरात भारत आणि वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना होता. त्याआधी एका सट्टेबाजाशी मार्लन सॅम्युएल्सचे झालेले संभाषण नागपूर पोलिसांनी टिपले आणि २००८ मध्ये सॅम्युएल्सवर दोन वर्षांची बंदी आली. बास्केटबॉलमध्ये टिम डोनाही हा पंचच पैजा लावत असल्याचे त्याच २००७ साली उघड झाले, आणि २०२४ मध्ये जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर आजन्म बंदी घालण्यात आली.

कायद्याने या ज्ञानाचा प्रश्न निराळ्या वाटेने हाताळला. मुंबईत एकोणिसाव्या शतकात पावसावर सट्टा चाले. १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्यात तो बसत नाही, असे उच्च न्यायालयाने १८८९ मध्ये ठरवल्यावर १८९० मध्ये कायदाच सुधारण्यात आला. स्वतंत्र भारतात वाद कौशल्य की दैव या रेषेवर आला. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात शब्दकोड्यांच्या बक्षीसयोजना होत्या; पुढे रमी कौशल्यात गणली गेली; १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या मानल्या, कारण घोड्याची वंशावळ, मागील कामगिरी आणि जॉकी यांचा अभ्यास करावा लागतो. २०१७ मध्ये पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने ‘ड्रीम इलेव्हन’च्या बाजूने दिलेला निर्णय याच वळणाचा. सुमारे साठ वर्षे आपली न्यायालये ऋतुपर्णाच्या बाजूने झुकत होती, असे म्हणायला हरकत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, दैवाचा असो की दोहोंचा, निषिद्ध ठरवला. ‘ड्रीम इलेव्हन’ने पैशांच्या स्पर्धा त्याच महिन्यात थांबवल्या. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मात्र परवान्याने पैसे लावता येतात, आणि तिथल्या शर्यतीच्या पुस्तिकेत प्रत्येक घोड्याच्या नावापुढे त्याचे मागील क्रमांक, अंगावरचे वजन आणि जॉकीचे नाव छापलेले असते.