लेण्याद्री

महाराष्ट्रातील अष्टविनायकांपैकी एक स्थान व प्राचीन बौद्ध लेणीसमूह. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, जुन्नर शहराच्या उत्तरेस सुमारे 5 किमी.वर, कुकडी नदीच्या खोऱ्यात गोळेगावाजवळ हा डोंगर आहे. पुण्याहून अंतर सुमारे 95 किमी. येथील गणपती ‘गिरिजात्मज’ या नावाने ओळखला जातो. लेण्यांना ‘गणेश लेणी’ असेही म्हणतात. जुन्या इंग्रजी अहवालांत हाच डोंगर ‘गणेश पहाड’ किंवा ‘सुलेमान पहाड’ या नावांनी येतो. अष्टविनायकांपैकी डोंगरावर आणि तेही लेण्यात असलेले हे एकमेव स्थान. पारंपरिक क्रमाने ते सहावे मानले जाते.

पार्श्वभूमी : सातवाहन काळात जुन्नर ही घाटमाथ्यावरील मोठी बाजारपेठ होती. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून येथे येई. व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या दानातून शहराभोवतीच्या डोंगरांत लेणी कोरली गेली. शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्री हे त्यांतील प्रमुख समूह असून लहानमोठी मिळून दोनशेहून अधिक खोदकामे या परिसरात आहेत. एकाच शहराभोवती एवढी लेणी भारतात क्वचितच आढळतात. जुन्नरच्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींचा, म्हणजे व्यावसायिक संघांचा, उल्लेख आहे. काही दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. फर्ग्युसन व बर्जेस यांनी 1880 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय लेण्यांवरील ग्रंथात या समूहाचे वर्णन आले आहे.

लेणी : लेण्याद्रीच्या दक्षिणाभिमुख कड्यात सुमारे तीस लेणी असून त्यांना पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रमांक दिले आहेत. त्यांचा काळ साधारणपणे इ. स. पहिले ते तिसरे शतक असा मानतात. क्र. 6 आणि क्र. 14 ही चैत्यगृहे आहेत. बाकीची बहुतेक लेणी म्हणजे भिक्षूंच्या निवासाचे विहार. पिण्याच्या पाण्यासाठी कातळात टाकी खोदलेली आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे.

क्र. 6 हे येथील मुख्य चैत्यगृह. ओसरीच्या खांबांच्या तळाशी घट, वर अष्टकोनी मध्यभाग आणि माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी आहेत. आत दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा व टोकाला स्तूप आहे. भाजे व कार्ले येथील चैत्यांच्या गजपृष्ठाकार छताला लाकडी फासळ्या बसवल्या होत्या; येथे त्या खडकातच कोरल्या आहेत. लाकडी इमारतीची आठवण कायम ठेवून कारागिराने लाकूड मात्र वगळले. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिल्याचा लेख येथे आहे. ‘हेरणिक’ म्हणजे सोनार किंवा कोषाध्यक्ष. क्र. 14 चे चैत्यगृह लहान व सपाट छताचे असून त्यातील लेखात कपिलाचा नातू व तापसाचा पुत्र आनंद या दात्याचे नाव आहे.

गिरिजात्मज मंदिर : गणपतीचे स्थान क्र. 7 च्या विहारात आहे. हा समूहातील सर्वांत मोठा विहार. त्याचे दालन सुमारे 17 मी. लांब, साडेपंधरा मी. रुंद व जेमतेम 3.4 मी. उंच असून एवढ्या विस्ताराला आत एकही खांब नाही. खांब आहेत ते केवळ ओसरीत. तिन्ही बाजूंच्या भिंतींत मिळून वीस खोल्या आहेत. मागच्या भिंतीतील मधल्या दोन खोल्या एकत्र करून पुढे गाभारा झाला. शेंदूरचर्चित मूर्ती खडकाच्या भिंतीतच कोरलेली असल्याने तिला प्रदक्षिणा घालता येत नाही. भाविकांना दिसते ती देवाची पाठ, असा समज रूढ आहे. मंदिराला शिखर नाही, कळस नाही. डोंगर हेच शिखर. दालनाची दारे-खिडक्या दक्षिणेला असल्याने दिवसभर आत उजेड पोहोचतो.

पार्वतीने पुत्रप्राप्तीसाठी या डोंगरावर बारा वर्षे तप केले व अंगच्या मळापासून केलेली मूर्ती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला सजीव झाली, अशी कथा सांगतात. गिरिजेचा आत्मज, म्हणून गिरिजात्मज.

यात्रा व दर्शन : भाद्रपदातील गणेश चतुर्थी व माघातील गणेश जयंती हे येथील मुख्य उत्सव. संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, आणि एरवी शनिवार-रविवारी व शाळांच्या सुट्ट्यांत मोठी गर्दी होते. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या अष्टविनायक सहली आठही गणपती बहुधा दोन दिवसांत उरकतात. त्यात लेण्याद्री व ओझर एकाच टप्प्यात येतात आणि वेळेचा सगळा हिशेब लेण्याद्रीच्या चढावर बिघडतो. इतर सात ठिकाणी गाडी मंदिराच्या जवळ जाते. येथे वाहनतळापासून सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते: खुर्ची, दोन दांडे आणि ती खांद्यावर घेणारे गडी. वाटेत माकडांचा उपद्रव असल्याने नारळ, पेढे, केळी पिशवीत झाकून न्यावी लागतात. हातात उघडा प्रसाद दिसला की तो गेलाच समजावा.

गर्दीच्या दिवशी क्र. 7 च्या रचनेचा उपयोग प्रत्यक्ष दिसतो. खांब नसल्याने दालनात कुठेही उभे राहिले तरी गाभारा नजरेच्या आड होत नाही. भिंतीलगतच्या दगडी बाकावर चढून दमलेली माणसे टेकतात, लहान मुले मोकळ्या खोल्यांत डोकावतात. छत बुटके असल्याने आरतीचा आवाज दालनात कोंडून घुमतो. भिक्षूंनी एकत्र बसण्यासाठी कोरलेले दालन फेरफार न करता सभामंडप म्हणून चालले आहे. काळही जुळतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्षू फिरस्ती थांबवून वर्षावासाला विहारात राहत. भाद्रपदातली यात्रा याच मुदतीत पडते.

शेजारच्या क्र. 6 मध्ये मात्र त्याच वेळी बोटांवर मोजण्याइतकी माणसे असतात. दर्शनाची रांग ओसरीतून परत पायऱ्यांकडे वळते आणि गाडी गाठायची घाई असते. चैत्यगृह पाहायला वेगळा वेळ ठेवावा लागत नाही. काही पावले चालली की पुरे. सकाळी लवकर आल्यास चढ उन्हाआधी होतो आणि दोन्ही लेणी निवांत पाहता येतात. पावसाळ्यात हिरवळ असली तरी पायऱ्या निसरड्या असतात.

व्यवस्था : लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील संरक्षित स्मारक आहेत, तर पूजाअर्चा व यात्रेकरूंची सोय देवस्थान पाहते. वर जाण्यासाठी स्मारकाचे तिकीट घ्यावे लागते. पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. ‘देवदर्शनाला तिकीट कशाला?’ असा वाद खिडकीपाशी अनेकदा ऐकू येतो. 1958 चा प्राचीन स्मारके कायदा व त्यातील 2010 ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही व पुढील दोनशे मीटरांत परवानगी लागते. भक्तनिवास, हॉटेले व फुला-प्रसादाची दुकाने म्हणूनच पायथ्याशी आहेत आणि कडा जवळपास मूळ रूपात टिकला आहे.

परिसर : लेण्यांच्या ओसरीतून कुकडीचे खोरे, जुन्नर शहर व शिवनेरी दिसतो. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर झाला. सुमारे 15 किमी.वरील ओझर येथे कुकडीकाठी विघ्नेश्वराचे मंदिर आहे. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी त्याचा जीर्णोद्धार करून शिखराला सोन्याचा मुलामा दिला. तट, दीपमाळा व शिखर असलेले ओझर आणि शिखराविना असलेले लेण्याद्री, अशी अष्टविनायकांतील दोन टोके एकाच तालुक्यात आहेत. मुक्काम वाढवता आल्यास दुसऱ्या दिवशी घोडेगाव व डिंभे धरणामार्गे भीमाशंकरला जाता येते. ते ज्योतिर्लिंग खेड तालुक्यात असले, तरी मंचरकडून तिकडे जाणारा रस्ता आंबेगाव तालुक्यातून जातो.

दळणवळण : पुणे–नाशिक महामार्गावर नारायणगाव येथे वळून जुन्नरमार्गे लेण्याद्रीला पोहोचता येते. पुण्याहून नारायणगाव व जुन्नरपर्यंत एस.टी. गाड्या आहेत, पुढे रिक्षा किंवा खाजगी वाहनाने पायथा गाठतात.