काळ्या दगडावरचे ११० पॉइंट

हॉस्टेलवर माझी एक जादूगारीण होती. दचकू नका मंडळी, डायब्लो २ मधली. थोडी आग, थोडा बर्फ, थोडी वीज असे सगळीकडे पॉइंट वाटत मी तिला ७४व्या लेव्हलपर्यंत नेली होती. सगळंच थोडं थोडं यायला हवं, हा आपला मध्यमवर्गीय विचार! मग 'हेल' नावाच्या शेवटच्या डिफिकल्टीत पोचल्यावर कळलं की तिथल्या बऱ्याच राक्षसांवर कुठली ना कुठली जादू अजिबात चालत नाही, आणि जी चालते ती माझ्याकडे अर्धीकच्ची. एक ना धड, भाराभर चिंध्या. रूम पार्टनर स्क्रीनकडे बघून शांतपणे म्हणाला, "बिल्ड चुकलाय तुझा. नवीन कॅरेक्टर कर." दीड महिन्याची जागरणं पाण्यात, कारण आमच्याकडची कॉपी जुनी होती आणि तीत दिलेला पॉइंट परत घेता येत नसे.

जे या फंदात पडले नाहीत त्यांच्यासाठी: बिल्ड म्हणजे आपलं पात्र शेवटच्या लेव्हलला कसं असायला हवं हे आधी ठरवायचं आणि पहिल्या लेव्हलपासून प्रत्येक पॉइंट त्या हिशोबाने खर्च करायचा. आज हे इतकं अंगवळणी पडलंय की रोल-प्लेइंग गेम म्हणजे बिल्ड असंच वाटतं. पण सुरुवातीला असं काही नव्हतं.

सुरुवात म्हणजे १९७४. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा हे छोटं गाव. तिथला गॅरी गायगॅक्स एकेकाळी विमा कंपनीत नोकरीला होता. १९७०मध्ये नोकरी गेल्यावर चपला-बूट दुरुस्त करून घर चालवायचा. त्याने आणि डेव्ह आर्नेसनने मिळून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. पहिली आवृत्ती फक्त १००० खोक्यांची. अनुभवाचे पॉइंट मिळवून लेव्हल चढायची, ही कल्पना आर्नेसनच्या घरच्या खेळातून आलेली.

या खेळात तुमची ताकद, बुद्धी, चपळाई वगैरे सहा गोष्टी तीन फासे टाकून ठरायच्या. गंमत म्हणजे मूळ नियमांत ते फासेसुद्धा खेळाडूने नाही, पंचाने टाकायचे! म्हणजे जन्मपत्रिकाच. १८ पडण्याची शक्यता २१६मध्ये एक. पत्रिकेत बुद्धी १६ आली तर जादूगार व्हा, ताकद आली तर लढवय्या. निवडायला वर्गही तीनच: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू.

तरी बिल्डचं बी तिथेच होतं. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे एकच मंत्र. तो वापरला की दिवसभर इतरांच्या मागे लपायचं. पण हाच प्राणी जगला-वाचला तर पुढे लढवय्याला केव्हाच मागे टाकायचा. आज मार खाऊ, उद्या राज्य करू... लाँग टर्म इन्व्हेस्टमेंट!

पुढची काही वर्षं लोकांनी हळूहळू नशिबाचे दात काढले. १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडून द्यायची पद्धत आली. १८ची शक्यता २१६मध्ये एकवरून साधारण ६२मध्ये एक झाली. दुसरीकडे स्टीव्ह जॅक्सनने १९७७च्या 'मेली'मध्ये फासेच काढून टाकले: एवढे पॉइंट घ्या, ताकद आणि चपळाईत हवे तसे वाटा. १९८६च्या त्याच्या 'गर्प्स'मध्ये १०० पॉइंटांत अख्खं पात्र बांधता यायचं. कंप्युटरवर १९९८चा 'बाल्डर्स गेट' फासे टाकायचा खरा, पण आकडा पसंत पडेपर्यंत बटण दाबत बसायची मुभा होती. पत्रिका जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा जन्म घ्या!

नशीब गेलं, निवड आली. आणि निवड आली की चूक आलीच.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं २०००मध्ये. त्या वर्षी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती आली. जवळपास कुठल्याही लेव्हलला दुसरा वर्ग घ्या, 'फीट' नावाची खास कौशल्यं निवडा, सगळं मोकळं. त्यात 'टफनेस' नावाचं एक फीट होतं. घेतलं की तीन हिट पॉइंट जास्त, कायमचे. नवख्याला वाटायचं, वा, काय मस्त! पण दहाव्या लेव्हलला ते तीन पॉइंट म्हणजे दर्या में खसखस. या आवृत्तीच्या तीन मुख्य डिझायनरांपैकी एक, माँटी कुक, याने नंतर एका लेखात सांगून टाकलं की नियमांवर प्रभुत्व मिळवणाऱ्याला बक्षीस मिळावं म्हणून काही पर्याय इतरांपेक्षा कमी उपयोगाचे ठेवले होते. अगदी एकदाच खेळायच्या खेळातल्या नाजूक जादूगाराला टफनेस ठीक, पण कुठे काय वापरावं हे पुस्तकात सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, असं त्यालाही मागाहून वाटलं.

मला हे वाचून प्रवेशाचे ऑप्शन फॉर्म आठवले. ज्याच्या घरी आधी कुणी इंजिनीयर झालंय त्याला कुठलं कॉलेज कितव्या नंबरला टाकायचं ते माहीत. बाकीचे टफनेस घेतात.

त्याच वर्षी जूनमध्ये 'डायब्लो २' आला. प्रत्येक वर्गाची ३० कौशल्यं, दर लेव्हलला एक पॉइंट. ९९ लेव्हलपर्यंत ९८ आणि कामगिऱ्यांचे १२, एकूण ११०. एका कौशल्यात जास्तीत जास्त २०. आणि दिलेला पॉइंट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दमदार कौशल्यं २४व्या, ३०व्या लेव्हलला उघडायची, म्हणून शहाणी माणसं पॉइंट न वापरता साठवून, अर्धपोटी खेळत वर चढायची. त्यात ऑक्टोबर २००३मध्ये १.१० हा पॅच आला आणि 'सिनर्जी' सुरू झाल्या: खालच्या कौशल्यात घातलेले पॉइंट वरच्याची ताकद वाढवू लागले. खाली एकेकच पॉइंट टाकून काटकसर केलेले एका रात्रीत चुकीचे ठरले.

अशा जगात प्रयोग कोण करणार? सगळे तयार रेसिपीकडे वळले. सगळ्यात गाजलेली 'हॅमरडिन'ची. पॅलाडिन घ्या. ब्लेस्ड हॅमर २०, कॉन्सन्ट्रेशन २०, व्हिगर २०, ब्लेस्ड एम २०. ताकद फक्त चिलखत अंगावर चढेल इतकी, एनर्जी शून्य, उरलेलं सगळं व्हायटॅलिटीत. हातोडा १८व्या लेव्हलशिवाय मिळत नाही, तोवर कसंबसं ढकला. ही चार कौशल्यं भरेपर्यंत पंचाहत्तरी उलटते. पण या हातोड्याला दाद न देणारे राक्षस फारच थोडे, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे तेच गरगर फिरणारे हातोडे!

इथेच माझं जुनं मत बदललं. मला वाटायचं की निवड पक्की असली की तिला किंमत येते, प्रत्येकाचं पात्र वेगळं होतं. झालं उलटंच. चूक इतकी महाग की कुणी स्वतःचं डोकं चालवेना. ११० पॉइंटांचं स्वातंत्र्य, आणि सगळे एकाच लायनीत.

इतर गेम्स तोवर मऊ होत होते. २००४च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये टॅलेंट बदलायला आधी एक सोन्याचं नाणं, मग वाढत वाढत ५०पर्यंत. डायब्लो २लाही मार्च २०१०मध्ये, म्हणजे जवळपास दहा वर्षांनी, पाझर फुटला. १.१३ पॅचपासून पहिल्या छावणीतली आकारा नावाची पुजारीण दर डिफिकल्टीला एकदा सगळे पॉइंट परत देऊ लागली. २०१२च्या डायब्लो ३मध्ये कौशल्यं हवी तेव्हा बदलता येऊ लागली. २०२३च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये १०० नाण्यांत अख्खा वर्गच बदलून मिळतो. जुने लोक म्हणतात, यात मजा नाही. थोडं खरं आहे. डायब्लो ३मध्ये लेव्हल चढताना माझ्या छातीत कधीच धडधडलं नाही.

पण मागच्या शनिवारी डायब्लो २ची २०२१ची नवी आवृत्ती काढून पुन्हा जादूगारीण घेतली. मुद्दाम तीच जुनी चूक केली, तिन्ही जादू. अडकलो. मग आकाराकडे गेलो, सगळे पॉइंट परत घेतले आणि वीज सोडून फक्त आग-बर्फ ठेवलं. फ्रोझन ऑर्बला सिनर्जीचा फारसा खर्च नसतो, त्यामुळे आगीसाठी भरपूर उरतात. चाललं की राव! म्हणजे माझा हॉस्टेलवरचा विचार पूर्ण चूक नव्हता, एक जादू जास्त होती इतकंच. रूम पार्टनरला मेसेज टाकलाय. अजून उत्तर नाही.

असो. उद्या सोमवार.