वाटणी लांबते तेव्हा

घरात वाटणीचं बोलणं निघालं की पहिले आठ दिवस बरे जातात. सगळे एकमेकांशी जपून बोलतात, पंच येतात, चहा होतो. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो. पत्रे गळतात, पण नवे टाकायचे कुणी? विहिरीचा गाळ काढायचा, तर पैसा कुणाच्या वाट्याचा? धाकट्या जावेला माहेरी जायचं असतं, पण आपण नसताना काही ठरलं तर, या भीतीने ती जात नाही. वाटणी झाली तर माणूस रडतो आणि कामाला लागतो. वाटणी लांबली की कामही होत नाही आणि रडताही येत नाही.

राज्यांच्या वाटण्यांचा इतिहास वाचताना मला नेहमी हे घर आठवतं. इतिहासाच्या पुस्तकांत ठराव असतात, तारखा असतात, पुढाऱ्यांची नावं असतात. दोन तारखांच्या मधल्या काळात लोकांनी काय केलं, हे तिथे फारसं नसतं. तो मधला काळ बायकांनी जास्त भोगला, म्हणून त्याबद्दल आपणच बोललं पाहिजे.

आपलं डोईफोडिया आज बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीत आहे, आणि हा जिल्हाच मुळी २००३ सालचा. त्याआधी आपण खंडव्याचे, म्हणजे पूर्व निमाडचे होतो. आणि त्याच्याही आधी आपली राजधानी नागपूर होती! आजच्या मुलींना हे सांगितलं तर त्या हसतात. पण १९५६ पर्यंत निमाड, अकोला, बुलढाणा, अमरावती, नागपूर, जबलपूर, रायपूर हे सारे एकाच राज्यात होते. १९०३ साली इंग्रजांनी निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलेला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला, आणि पुढे 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं नाव झालं. १९५० साली त्याचंच 'मध्यप्रदेश' झालं. खानदेशाकडे, जळगावच्या बाजूला, मुंबई राज्याची सीमा तेव्हाही होती. पण दक्षिणेला डोंगर उतरून वऱ्हाडात गेलं तरी राज्य आपलंच असे. त्या राज्याच्या राजभाषा दोन होत्या, हिंदी आणि मराठी. मराठीतला अर्ज सरकारी कचेरीत चालत असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

वऱ्हाडाला या एकत्र घरात कधी सुख वाटलं नाही. कापूस वऱ्हाडाचा, त्याचा महसूल मोठा, आणि पैसा मात्र दुसऱ्या भागात खर्च होतो, ही त्यांची जुनी तक्रार. १९३८ सालीच प्रांताच्या विधिमंडळात वेगळ्या विदर्भाचा ठराव झाला होता. मग बोलणी सुरू झाली, आणि ती काय लांबली! १९४७ च्या ऑगस्टमध्ये अकोला करार. १९४८ मध्ये दार आयोग. त्याने सांगितलं, भाषेवर राज्यं नकोत. मग नेहरू, पटेल आणि पट्टाभी यांची समिती. तिने सांगितलं, सध्या थांबा. १९५३ च्या सप्टेंबरात नागपूर करार. नागपूरला वर्षातून एकदा अधिवेशन भरवण्याचं वचन त्यातलंच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर या तिघांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला.

आता पुढचं वर्ष महिन्यामहिन्याने बघा. १९५५ च्या ऑक्टोबरात आयोगाचा अहवाल लोकांसमोर आला. त्यात विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचं वेगळं राज्य होतं आणि मुंबईचं गुजरातीसह द्विभाषिक. नोव्हेंबरात काँग्रेसने तीन राज्यांची योजना पुढे केली: मुंबई शहर वेगळं, गुजरात वेगळा, आणि विदर्भासह महाराष्ट्र. जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी जाहीर केलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. ऑगस्टमध्ये लोकसभेत सगळं उलटलं आणि विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ मिळून एकच मोठं द्विभाषिक मुंबई राज्य ठरलं. दहा-अकरा महिन्यांत विदर्भाच्या माणसाला चार वेळा सांगितलं गेलं की तू अमक्याचा. ज्या वेगळ्या राज्यासाठी ब्रिजलाल बियाणी आणि बापूजी अणे यांच्यासारखे पुढारी झटले, ते आयोगाच्या कागदावर आलं आणि कागदावरच राहिलं.

मुंबईत तर या थांबण्याला रक्त लागलं. नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जानेवारीत पुन्हा झाला. पुढे हुतात्म्यांचा आकडा १०६ असा लोकांच्या तोंडी बसला. त्याच जानेवारीत गुजराती दुकानांवर जमाव गेले, हेही आपण विसरू नये. ऑगस्टमध्ये अहमदाबादेत गोळीबार झाला, तिथे गुजराती विद्यार्थी मेले. दोन्हीकडच्या आया रडल्या. आपल्यासारखी घरं, जी चुलीपाशी गुजराती नाहीतर मारवाडी बोलतात, बाजारात मराठी आणि कचेरीत हिंदी, त्यांना त्या दिवसांत एकच प्रश्न विचारला जात होता: तुम्ही कुणाचे? ज्याच्या घरात तीन भाषा नांदतात, त्याने याचं उत्तर एका शब्दात कसं द्यायचं?

१ नोव्हेंबर १९५६ ला नवी राज्यं झाली. त्या दिवशी डोईफोडियाचं काय झालं? गावातून कुणी कुठे गेलं नाही. आपण होतो तिथेच राहिलो. शेजारी गेले. डोंगरापलीकडचा बुलढाणा मुंबई राज्यात गेला, मेळघाटासह अमरावती गेली, राजधानी नागपूर गेली. आपली राजधानी भोपाळ झाली आणि हायकोर्ट जबलपूरला. जो एकत्र घर सोडून जातो, त्याचं गाऱ्हाणं सगळे ऐकतात. जो मागे राहतो, त्याला कुणी विचारत नाही की बाई, तुझा शेजार गेला, आता तुझं कसं? मुलताई, भैसदेही, सौंसर इथल्या मराठी माणसांचं तेच झालं.

मराठीतल्या अर्जाची गोष्ट आता आठवा. नव्या मध्यप्रदेशाची राजभाषा हिंदी. मराठी बोलणं कुणी बंद केलं नाही, घरात ती आजही आहे. पण कचेरीतून ती गेली. मराठी वाचणारी, सही करणारी, हिशेब मांडणारी शहाणी बाई सरकारी कागदापुढे एकाएकी अर्धी अडाणी झाली. 'ये क्या लिखा है, हिंदी में लाओ' असं म्हटलं की हातातला कागद नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे द्यायचा. वाटाघाटीच्या खोलीत हा मुद्दा कुणाच्या मनात आला असेल असं मला वाटत नाही.

गंमत बघा, त्याच १९५६ च्या एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या नेपानगरला नेहरूंनी कागद कारखान्याचं लोकार्पण केलं. वर्तमानपत्राचा कागद देशात पहिल्यांदा आपल्या निमाडात तयार होऊ लागला. देशभराच्या भांडणाच्या बातम्या छापण्याचा कागद इथे बनत होता, आणि इथल्या माणसाचं म्हणणं त्यावर क्वचितच छापलं जात होतं.

मुंबईचं द्विभाषिकही टिकलं नाही. आचार्य अत्र्यांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये 'मराठा' काढला, १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली, तिकडे इंदुलाल याज्ञिकांनी महागुजरात उभा केला. दोघांनाही वेगळं व्हायचं होतं, तरी साडेतीन वर्षं लागली. कारण वेगळं होण्याचा हिशेब सोपा नसतो. पैसा कुणी कुणाला द्यायचा? नव्या राजधानीसाठी आणि तुटीच्या भरपाईसाठी महाराष्ट्राने गुजरातला पैसे द्यायचं ठरलं. डांग कुणाचा? तो गुजरातला गेला. पश्चिम खानदेशातली दीडशेच्या वर गावंही गेली. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली तेव्हा लोकांनी दिवे लावले. बेळगावचं बोलणं मात्र अजून संपलेलं नाही. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे जन्मलेली मुलगी आजी झाली, तरी वाटणी चालूच आहे.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. ब्रिटन हा एवढा शहाणा देश. त्याने २३ जून २०१६ ला मतदान करून युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं. बाहेर पडा म्हणणारे ५२ टक्के, राहा म्हणणारे ४८. निघायचा दिवस ठरला २९ मार्च २०१९. पण निघायचं कसं, यावर त्यांच्याच संसदेत एकमत होईना. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार जानेवारीत २३० मतांनी पडला, मार्चमध्ये १४९ मतांनी, आणि ज्या दिवशी निघायचं त्याच दिवशी ५८ मतांनी. मुदत एप्रिलपर्यंत वाढली, मग ऑक्टोबरपर्यंत, शेवटी ३१ जानेवारी २०२० ला ते निघाले. या काळात तिथल्या बायकांनी घरात डबे आणि औषधं साठवली. मधुमेहाच्या रोग्यांना इन्सुलिनची काळजी पडली. युरोपातून येऊन राहिलेल्या नर्सबाईला कळेना की आपण इथे राहायचं की नाही. लेस्टर, हॅरो इथे आपल्या समाजाची कितीतरी घरं आहेत. दुकानदारी करणाऱ्यांना माल भरावा की थांबावा, हे ठरवता येईना.

आणि अडलं कुठे होतं? एका सीमेवर. आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये सुमारे पाचशे किलोमीटरची रेषा आहे. लोक तिच्या आरपार शेताला, शाळेला, दवाखान्याला जातात. तिथे पुन्हा नाके बसवायचे का? लंडनमध्ये आवेशाने मत देणाऱ्यांनी आधी या रेषेचा फारसा विचारच केला नव्हता. सीमेवरच्या उत्तर आयर्लंडने तर बहुमताने राहायचं म्हणून मत दिलं होतं. वाटणी मागणारे एका ठिकाणी राहतात आणि तिची रेषा दुसऱ्याच्या अंगणातून जाते, हे आपल्याला निमाडात साठ वर्षं आधी कळलं होतं.

रेषा काय करते ते कापसाने आपल्याला दाखवलं. १९७२ साली महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. कास्तकाराने कापूस सरकारी केंद्रावरच विकायचा, व्यापाऱ्याला द्यायचा नाही. हेतू चांगला होता, हमीचा भाव मिळावा म्हणून. पण पैसे हप्त्याने यायचे. इकडे मध्यप्रदेशात व्यापारी रोख मोजायचा. मग कपाशीच्या गाड्या रात्री सीमा ओलांडू लागल्या. आणि तिकडचा हमीभाव जास्त असला की कापूस उलटा तिकडे जायचा. इकडे आढत आणि जिन कुणाच्या, हे आपल्याला कुणी सांगायला नको! एकाच मातीतली, एकाच पावसाची कपाशी. इकडच्या शेतात ती माल होती आणि पलीकडून आणली की चोरी. ज्या घरात पोरीचं लग्न काढलेलं, त्या घरातली बाई रात्रभर जागी असायची, गाडी पोचली का पकडली या काळजीने. १९५६ च्या कागदावर ओढलेली रेष अशी पंधरा-वीस वर्षांनी घरात शिरली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले, तेव्हा ब्रिटनमध्ये नाके बसवायचे की नाही याचा वाद चालू होता.

पण सगळे नाके उठले नाहीत. आपल्याकडे सोयरिकी दोन्हीकडे होतात; सासर जामोदचं, माहेर डोईफोडियाचं. एका राज्यातलं अनुसूचित जाती-जमातीचं आरक्षण दुसऱ्या राज्यात गेलेल्याला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं. म्हणजे आपल्या शेजारची कोरकू नाहीतर बलाई मुलगी लग्न करून पलीकडे गेली, तर तिची शिकवणी आणि नोकरी त्या रेषेवर अडते. भाऊ गावात राहतो, त्याचं काही अडत नाही. रहिवासी दाखला, रेशनकार्ड, मतदारयादी, सगळ्या नावांची बदली तिलाच करावी लागते. वाटणी पुरुषांनी केली आणि तिचे हेलपाटे बायकांच्या पायांना आले, हे मी रागाने म्हणत नाही. हिशेब म्हणून सांगते.

आजही विदर्भ वेगळा करा ही मागणी अधूनमधून उठते. कधी ती बरोबर असेलही. वेगळं होणं हे पाप नाही. जुलमाने एकत्र राहण्यापेक्षा मानाने वेगळं झालेलं बरं, हे आपण घरातही बघतो. मला एवढंच वाटतं की पुन्हा कधी असं बोलणं निघालं, तर सीमेवरच्या गावांनी, आणि त्यातही बायकांनी, पहिल्याच दिवशी आपले प्रश्न लिहून पाठवावेत. आमच्या शाळेची भाषा कोणती राहील? मुलीचा दाखला पलीकडे चालेल का? बाळंतीण कोणत्या दवाखान्यात न्यायची? माल कुठे विकायचा? आणि ठरेपर्यंत जुनंच चालू राहील, असं लेखी कोण देईल? शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा. १९५६ साली तो कुणी विचारला असता, तर मराठीत सही करणाऱ्या त्या बायकांना कचेरीच्या दारात कागद हातात घेऊन उभं राहावं लागलं नसतं.