हिंगण्याच्या झोपडीतली शाळा

चपला काढून हातात घ्या. फर्ग्युसन कॉलेजातून हिंगण्याकडे जाणारी ही वाट पावसाळ्यात त्या पायात राहू देत नाही. चिखल घोट्याच्या वर आलाय, बाभळीचे काटे आहेतच. पुढे धोतर खोचून, सामानाचं ओझं घेऊन झपाझप चाललेले गृहस्थ म्हणजे गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे. कॉलेजातले तास आटोपून चार मैल चालत दुसऱ्या शाळेवर, विधवांसाठी काढलेल्या त्यांच्या शाळेवर निघालेत. तुम्हाला धाप लागली म्हणून ते थांबायचे नाहीत.

साल १९०० च्या आसपासचं. पुण्यात प्लेग आहे, म्हणून शाळा इथं माळावर आली. रावबहादूर गोखल्यांनी ६ एकर जमीन दिली, त्यावर ५०० रुपयांची झोपडी उभी राहिली.

वाका, नाहीतर डोकं आपटेल. आत आधी नाकात शिरतो तो ओल्या सरपणाचा धूर. डोळे चोळत बघा. चुलीपुढे एक मुलगी फुंकणीनं जाळ काढतेय, दुसरी भाकरी थापतेय, आणि तिसरी तिथंच भिंतीला टेकून मोठ्यानं बाराखडी म्हणतेय. या तिसरीनं डोक्यावरून विधवेचं लाल आलवण घेतलंय, आत वस्तरा फिरवलेलं डोकं. शेजारी तिशीकडे झुकलेली बाई पाटीवर ‘क’ गिरवतेय. पेन्सिल करकरते, बाहेर बेडूक ओरडतात, छपरातून टपटप गळणारं पाणी झेलायला कुणीतरी घंगाळ सरकवतं.

‘अण्णा आले!’ असा कर्व्यांच्या नावाचा पुकारा झाला की पाट्या पुसल्या जातात. आता त्रैराशिक. घासलेटच्या दिव्याभोवती सगळ्याजणी अशा दाटीनं बसतात की तुम्हाला मांडी घालायला जागा उरत नाही. पायलीभर ज्वारी इतक्या आण्यांना, तर अडीच शेराला किती? इथं हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. कोठीची जबाबदारी ज्या मुलीवर, ती बोटांवर न मोजता उत्तर देते, कारण उद्याचं दळण तिलाच काढायचंय. सासरी हीच मुलगी हेच दळण काढत होती, पण कोठीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती.

सगळ्याच मुलींना हे दार उघडं नव्हतं, हेही इथं बसल्या बसल्या लक्षात येईल. आजूबाजूची आडनावं ऐका, सगळी ब्राह्मण घरातली. बाकीच्यांचा नंबर लागायला बराच अवकाश होता.

स्वयंपाकघरातून हाक येते. पंगतीनंतर भांडी तुम्ही घासायची आहेत, पाहुणे म्हणून सूट नाही. राख त्या डब्यात आहे, नारळाची शेंडी खिडकीत. आणि घासता घासता पाढा म्हणा, एकोणतिसाचा. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून, कारण आतून कुणी ना कुणी ऐकतच असतं.