कपाटातलं वादळ

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एक प्रस्ताव सादर केला होता. विषय भूचुंबकीय वादळांचा. सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोतामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र काही तास, कधी काही दिवस बिघडतं, त्याला भूचुंबकीय वादळ म्हणतात. अशी बरीच वादळं एकत्र घेतली तर मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात त्यांची सरासरी चाल कशी दिसते, हा माझा पहिला प्रश्न. आठ महिने मी इंटरनेटवर शोधनिबंध शोधले होते आणि असं काम फारसं झालेलं नाही, अशी माझी खात्री झाली होती.

सादरीकरण संपल्यावर समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी एवढंच विचारलं, "मूस वाचलात का?"

मी म्हणालो, "सर, नाव बघितलंय. पीडीएफ मिळाली नाही."

"पीडीएफ नाही मिळाली म्हणजे पुस्तक नाही, असं असतं का?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवडाभराने मी ग्रंथालयात गेलो, ग्रंथपाल मॅडमनी मागच्या दालनातून दोन जाडजूड खंड काढून दिले आणि तिथेच माझा पहिला प्रश्न निकालात निघाला. तो १९१० सालीच कुणीतरी विचारला होता आणि हाताने आकडेमोड करून त्याचं उत्तरही दिलं होतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हा मंडळींना ग्रंथालयात जा, वाचा, असं सगळेच सांगतात. मीही तेच सांगणार आहे. पण उपदेशापेक्षा एक खरा इतिहास सांगतो. तो आपल्याच किनाऱ्यावरचा आहे.

आधी एक घोळ मिटवू. 'कुलाबा' दोन आहेत. एक मुंबईच्या दक्षिण टोकाचा, जिथे वेधशाळा आहे. दुसरा अलिबागचा जलदुर्ग, ज्याच्या नावावरून आपल्या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. १ जानेवारी १९८१ पासून तो रायगड झाला. ग्रंथालयाच्या सूचीत 'कुलाबा' शोधलंत तर १८८३ चं कुलाबा आणि जंजिऱ्याचं गॅझेटियरही येईल आणि मुंबईच्या वेधशाळेचे खंडही येतील. मी पहिल्या दिवशी चुकीचंच पुस्तक मागवलं होतं.

मुंबईची कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली, १८२६ सालची. चुंबकीय नोंदी तिथे १८४१ पासून होऊ लागल्या. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. आणि अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, ऐन तरुणपणी तिथे सहायक म्हणून लागले. जवळपास दहा वर्षं त्यांनी हेच काम केलं: ठरलेल्या वेळी उपकरणापाशी जायचं, आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा. पुढे ते पुण्यात गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले, टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पण सुरुवात नोंदवहीपासून झाली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

केरूनाना वेधशाळा सोडून गेल्यानंतरची गोष्ट. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते. अचानक त्यांना डागांच्या समूहात डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश दिसला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर भूचुंबकीय वादळ धडकलं. ध्रुवीय प्रकाश क्यूबासारख्या उष्ण प्रदेशातून दिसला. अमेरिकेत काही तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि तारेत आपोआप निर्माण झालेल्या प्रवाहावर संदेश पाठवले.

इंग्लंडमधल्या वेधशाळांत तेव्हा फोटोच्या कागदावर नोंद होत असे. हे वादळ इतकं मोठं होतं की तिथली रेघ कागदाच्या बाहेर गेली. कुलाब्याला मात्र माणसं डोळ्यांनी आकडे वाचत होती. २ सप्टेंबरच्या सकाळी क्षेत्र झपाट्याने खाली येऊ लागलं, तेव्हा त्यांनी तासाची वाट पाहिली नाही, मधेमधे काही मिनिटांच्या अंतराने आकडे घेतले. हे का होतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, जगात तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आकडे उतरवले गेले, वार्षिक खंडात छापले गेले आणि खंड कपाटात गेला.

त्या पानांकडे जगाचं लक्ष वळलं २००३ साली. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेस, आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी या नोंदींवर शोधनिबंध लिहिला. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला होता. मुंबईला हा घटक ३७-३८ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असतो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त घसरण. मुंबई विषुववृत्ताच्या बरीच जवळ असल्यामुळे ध्रुवीय प्रदेशातल्या विद्युतप्रवाहांची गडबड इथे तुलनेने कमी जाणवते, म्हणूनही ही नोंद मोलाची.

यात नुसतं इतिहासाचं कौतुक नाही. मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज गेली, सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. वादळांची तीव्रता मोजणारा डीएसटी हा निर्देशांक त्या वेळी उणे ५८९ पर्यंत गेला होता. वीजजाळं आणि उपग्रह यांनी किती मोठ्या वादळाची तयारी ठेवायची, हे ठरवताना १८५९ च्या वादळाचा दाखला आज जगभर दिला जातो. आणि त्याचा एक महत्त्वाचा पुरावा म्हणजे कुलाब्याच्या छापील खंडातली काही पानं.

आता यातली खरी शिकवण बघा. गोष्ट २००३ ला संपली नाही. सिस्को आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तेच आकडे पुन्हा पाहिले. डीएसटी हा निर्देशांक ताशी सरासरीवर चालतो आणि १६०० ही घसरण फार थोडा वेळ टिकलेली होती. ताशी सरासरी काढली तर उत्तर उणे ८५० च्या घरात येतं. पुढे २०२२ मध्ये हायाकावा आणि सहकाऱ्यांनी क्षेत्राचे तिन्ही घटक घेऊन त्या नोंदी नव्याने तपासल्या. ही घसरण नेमकी कोणत्या विद्युतप्रवाहांमुळे झाली, यावर वाद अजून चालू आहे. पानं तीच आणि आकडे तेच, पण दर वेळी वाचणाऱ्याचा प्रश्न वेगळा. 'यावर काम झालंय' म्हणजे 'यात आता काही उरलं नाही' असं नसतं, हे मला इथे कळलं.

परत मूस यांच्याकडे येतो. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस १८९६ पासून कुलाबा वेधशाळेचे संचालक होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून सुमारे ३० किलोमीटरवर, अलिबागला, नवी वेधशाळा बांधली. लोखंडाचा त्रास नको म्हणून पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरला. १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे जुनी मालिका नवीला नीट जोडता यावी. ट्राम १९०७ च्या मे महिन्यात धावली. तोवर जोडणी पूर्ण झाली होती! समुद्रावर फिरायला येणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की बाजूच्या आवारात ही मालिका आजही चालू आहे?

मूस यांनी १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या नोंदी दोन खंडांत मांडल्या: पहिल्यात आकडे आणि उपकरणं, दुसऱ्यात त्यांची चर्चा. माझा 'नवा' प्रश्न त्या दुसऱ्या खंडात होता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी मांडव्याच्या लाँचमध्ये बसून मी आठ महिन्यांचा हिशोब करत होतो. पण पुढच्या महिन्याभरात पहिला खंड वाचला आणि माझा आत्ताचा विषय तिथून निघाला. उपकरणं कधी बदलली, आणि त्या बदलाचा आकड्यांवर काय परिणाम होतो, हे मी आता तपासतोय. हा प्रश्न मला कुठल्याही सर्चने दिला नसता, कारण तो विचारायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

ग्रंथालयात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी माझ्या चुकांतून आलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, तक्त्यांवर उडी मारू नका. आधी प्रस्तावना, उपकरणांचं वर्णन आणि शुद्धिपत्र वाचा. तक्त्यातला आकडा चुकीचा छापला गेला असेल, तर त्याची कबुली शुद्धिपत्रातच मिळते.

दुसरी, वेळ आणि एककं तपासा. १८५९ साली भारतीय प्रमाणवेळ नव्हती, ती १९०६ पासूनची. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. तुम्ही सवयीने साडेपाच तास धरलेत तर ३९ मिनिटांची चूक होते. काही मिनिटांत शेकडो नॅनोटेस्ला बदलणाऱ्या वादळात ३९ मिनिटं म्हणजे सगळंच गेलं.

तिसरी, हवं असलेलं पुस्तक मिळालं की लगेच परत फिरू नका. त्याच्या डावी-उजवीकडची पुस्तकंही काढून बघा. सर्च तुम्ही विचारलेलंच देतो. फळीवर न विचारलेलंही ठेवलेलं असतं.

चौथी, ग्रंथपालांशी बोला. कोणता खंड बांधणीला गेलाय, कोणता दुसऱ्याच नावाने नोंदलाय, हे त्यांनाच ठाऊक असतं. आणि जे वाचाल त्याचा खंड, साल, पान त्याच दिवशी वहीत लिहा. सहा महिन्यांनी आठवत नाही, अनुभवाने सांगतो.

पीडीएफ वाचू नका असं मी म्हणत नाहीये. २००३ चा तो शोधनिबंध मीही पडद्यावरच वाचला. पण तो लिहिला जायला कुणाला तरी कपाट उघडावं लागलं होतं. कुलाब्याच्या त्या सहायकांनी न कळणारी गोष्टही नीट लिहून ठेवली आणि आपलं काम केलं. वाचायचं काम आपलं आहे.

या आठवड्यात एक दुपार काढा. तुमच्या विषयातलं, तुमच्या जन्माच्या आधी छापलेलं एक पुस्तक मागवा आणि त्याची प्रस्तावना पूर्ण वाचा. आणि कुणी विचारायच्या आत तुमच्या विषयातला 'मूस' कोण, हे शोधून ठेवा.