निनावी रोबोचं गोत्र

क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत, दादरला रानडे रोडच्या फुटपाथवर, लालबागच्या बाजारात किंवा पौष पौर्णिमेला भरणाऱ्या प्रभादेवीच्या जत्रेत जो 'गाडीचा रोबो' मिळायचा, त्याला नाव नसायचं. खोक्यावर चित्र एका रोबोचं, आत दुसराच. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, फार तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'मेड इन तैवान'. पोरं आपापल्या सोयीने त्याला ओळखायची: गाडीचा, ट्रकचा, पिस्तुलाचा, घड्याळाचा रोबो. मोठी माणसं सरसकट 'डुप्लिकेट' म्हणून मोकळी व्हायची. मला हा शब्द पटत नाही. नाव नसलं तरी या खेळण्याला कूळ आहे आणि ते त्याच्या अंगावरच नोंदलेलं आहे. सांधा कुठे घेतलाय, स्क्रू कुठल्या बाजूने बसवलाय, मुठीत केवढं भोक आहे, हे नीट बघितलं की आजा-पणजा सापडतो.

पणजा अमेरिकन आहे आणि तो रोबोच नाही. १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो नावाचा सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा सैनिक बाजारात आणला. मुलग्यांच्या हातात बाहुली द्यायची, पण तिला बाहुली म्हणायचं नाही, अशी ती युक्ती होती. जपानमध्ये ताकारा कंपनीने त्याचा परवाना घेतला. पण तिथल्या मुलांना परदेशी सैनिकापेक्षा टीव्हीवरचे रूप बदलणारे वीर जवळचे होते. मग ताकाराने त्याच सैनिकाचं अंग पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये ओतलं, आतली चकचकीत यंत्रं दिसतील असं केलं आणि १९७२ मध्ये हेन्शिन सायबॉर्ग काढला. वरून पोशाख चढवला की त्याचा दुसराच कोणी व्हायचा. रूपबदल अजून कपड्यांपुरताच होता.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९७३ नंतर, तेलाचे भाव भडकले आणि प्लॅस्टिक महागलं. ३० सेंटिमीटरचा पुतळा परवडेना. १९७४ मध्ये ताकाराने तो जेमतेम १० सेंटिमीटरवर आणला. हा मायक्रोमॅन. माणूस लहान झाला तशी त्याच्यासाठी वाहनं, यंत्रं, हत्यारं काढता आली आणि ती एकमेकांना जोडता यावीत म्हणून खुंटी आणि भोक एकाच मापाचं ठेवलं: ५ मिलिमीटर. हे माप लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

याच कुळाची एक शाखा आपल्या दारात येऊन वाढली. १९८७ मध्ये हॅस्ब्रो आणि एमआरएफ यांच्या भागीदारीतून फनस्कूल उभी राहिली आणि तिचा कारखाना गोव्यात निघाला. तोपर्यंत जी. आय. जोसुद्धा मायक्रोमॅनच्याच उंचीवर आला होता. अमेरिकेत वापरून झालेले त्याचे साचे भारतात आले आणि इथे त्यांतून सैनिक पडू लागले. रंग मात्र इथले: मूळ पुतळा हिरवा, तर आपला पिवळा किंवा निळा. अमेरिकन संग्राहक आज हे फनस्कूलचे विचित्र रंगांचे सैनिक हुडकत असतात. म्हणजे गोव्यात रोबोच्या पणजाची मूर्ती अधिकृतपणे घडत होती आणि त्याचा पणतू मात्र मुंबईत निनावी फिरत होता. मधल्या पिढ्यांची ओळख करून द्यायला कोणी नव्हतं.

त्या मधल्या पिढ्यांत पहिला मान रायदीनचा. १९७४ च्या गेटर रोबो मालिकेत तीन विमानं एकत्र येऊन रोबो व्हायचा, पण कागदावर जे सहज वळायचं ते प्लॅस्टिकमध्ये वळेना. १९७५ मध्ये 'युशा रायदीन' आला. त्यातला रोबो पक्षी व्हायचा आणि पोपी कंपनीच्या खेळण्यातही तो खरोखर पक्षी व्हायचा. पडद्यावरचा रूपबदल मुलाला स्वतःच्या बोटांनी करता येणं ही मोठी गोष्ट होती. या सगळ्या प्रकाराचं मर्म मला त्यातच वाटतं. सुटे भाग लावायचे नाहीत, काढायचे नाहीत. जे आहे तेच फिरवून दुसरं काही करायचं.

ताकाराने १९८० मध्ये डायाक्लोन मालिका काढली. तिच्यातला चालक जेमतेम ३ सेंटिमीटरचा आणि त्याच्या पायांत लोहचुंबक. १९८२ मध्ये या मालिकेत 'कार रोबो' आले आणि इथे कारागिरीने कळस गाठला. कोजिन ओनो, हिदेआकी योके यांच्यासारख्या रचनाकारांनी रस्त्यावरच्या खऱ्या गाड्या घेतल्या. त्यातली निसान फेअरलेडी झेड हातात घेऊन बघावी. मागची बाजू ओढून लांब केली की पाय होतात. टप मागे पाठीवर जातो. बॉनेट छातीवर येतो आणि पुढचा बंपर छातीतून तसाच बाहेर निघालेला राहतो. दरवाजे उघडून खांद्यांमागे पंखांसारखे उभे राहतात. एकही तुकडा लपवलेला नाही. गाडी कुठे गेली असं विचारलं तर उत्तर समोरच असतं. ट्रकमध्ये हीच हुशारी, फक्त अंगापिंडाने मोठी: केबिनच्या दोन खिडक्या म्हणजे छाती, डोकं आत दडलेलं आणि मुठी मात्र सुट्या, वरून खोचायच्या. या सुट्या मुठी पुढे जगभरच्या पलंगांखाली हरवल्या. जुन्या बाजारात ट्रकचा रोबो मिळाला तर बहुधा मुठींशिवायच मिळतो.

तिकडे १९८२ मध्ये हे घडत होतं, तेव्हा इकडे गिरणगावात १८ जानेवारीपासून संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. धातूचं अंग आणि रबरी टायर असलेलं जपानी खेळणं परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत येण्याचा प्रश्नच नव्हता. पण रूप बदलणारी वस्तू तिथल्या मुलाला नवी नव्हती. दर भाद्रपदात मंडपातल्या चलतचित्रांत खांब दुभंगून नरसिंह बाहेर यायचा, कमळ उमलून आत देव दिसायचा. पडद्यामागे सावकाश फिरणारी मोटर, सायकलची चेन, लाकडी पट्ट्या. मंडपाच्या मागच्या बाजूने डोकावायला मिळालेल्या पोराला यंत्राचं वळण कळायचं. शिवाय ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर जायंट रोबो येऊन गेला होता. तो १९६७ चा जपानी रोबो कशातच बदलायचा नाही, पण मनगटाशी तोंड नेऊन रोबोला हाक मारण्याचा खेळ चाळीच्या गॅलऱ्यांत त्यानेच रुजवला.

१९८३ च्या टोकियोतल्या खेळण्यांच्या प्रदर्शनात हॅस्ब्रोच्या माणसांनी ताकाराचा माल पाहिला आणि कुळाची कथा उलटी फिरली. पणजाच्या घरून निघालेली कल्पना पणजाच्याच घरी परतली. १९८४ मध्ये अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स आले. डायाक्लोनच्या गाड्या आणि मायक्रोमॅनच्या 'मायक्रो चेंज' शाखेतली पिस्तुलं, टेपरेकॉर्डर, कॅसेटी एकाच घरात आणून बसवल्या. मार्व्हलच्या बॉब बुडियान्स्कीने बहुतेकांना नावं आणि स्वभाव दिले. ट्रकच्या रोबोचं ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनी ओ'नील यांचं. आतला लोहचुंबकी चालक मात्र काढून टाकला, कारण आता रोबो स्वतःच जिवंत झाला होता. सगळ्या कथेतला सगळ्यात मोठा रूपबदल मला हाच वाटतो. तो कुठल्याही सांध्यात नाही, फक्त गोष्टीत आहे.

चुलत घराणंही सांगायला हवं, कारण मुंबईत त्याची संतती बरीच दिसे. पोपीने १९८२ मध्ये मशीन रोबो नावाची छोटी, ६०० येनांची मालिका काढली होती. अमेरिकेत टोंकाने ती गोबॉट्स नावाने विकली. मोटरसायकल, विमान, रणगाडा, प्रत्येकाचे दोन-चार सांधे, खिशात मावणारा आकार. नक्कल करायला याहून सोपं काही नव्हतं. १९९१ मध्ये हॅस्ब्रोने टोंका विकत घेतली आणि गोबॉट्स हे नाव धाकट्या पातीला गेलं.

काही घराणी तर बुडाली आणि साच्यांमुळे उरली. ताकातोकु कंपनीने 'मॅक्रॉस' मालिकेतलं, शोजी कावामोरी यांनी आखलेलं विमान १/५५ प्रमाणात काढलं. १९८४ मध्ये कंपनी बुडाली, तरी ते विमान १९८५ मध्ये जेटफायर म्हणून ट्रान्सफॉर्मर्समध्ये आलं. तिच्याच 'डोरव्हॅक' मालिकेतली दोन यंत्रं रोडबस्टर आणि व्हर्ल झाली, 'बीट्रास'मधले किडे आणखी वेगळ्या नावांनी आले. मूळ मालिका जपानबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही. पोलादी साचा मात्र मालक बदलत फिरत राहिला. खेळण्यांच्या धंद्यात वारसा असा डायमधून चालतो.

आता मुंबई. त्या काळात परदेशी खेळणी उघडपणे आयात होत नसत. देशात ब्लो प्लास्टची लिओ होती, फनस्कूल आली, पण रूप बदलणारा रोबो मुख्यतः बाहेरूनच यायचा: बोटीवरून परतणाऱ्या कोकणी-गोवेकर खलाशांच्या ट्रंकेतून, दुबईहून येणाऱ्याच्या बॅगेतून, नाहीतर मनीष मार्केट, मुसाफिरखान्याच्या काउंटरवरून. १ एप्रिल २००१ पासून ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे परिमाणाचे निर्बंध उठले आणि चिनी मालाचे ढीग लागले.

नक्कल कशी होते हे गाळ्यातल्या डायवाल्याला विचारावं, तो दोन वाक्यांत सांगेल. खेळणं उघडायचं, प्रत्येक तुकड्यावरून साचा घ्यायचा, दाणा ओतायचा. पण थंड होताना प्लॅस्टिक आकसतं. एबीएस ०.४ ते ०.७ टक्के, स्वस्तातलं पॉलिप्रॉपिलीन १ ते २.५ टक्के. मूळ कंपनी ही घट धरूनच डाय मोठी करते. तयार तुकड्यावरून साचा घेणाऱ्याने ती धरली नाही तर नक्कल मूळापेक्षा किंचित लहान निघते. नकलेची नक्कल आणखी लहान. भिंतीची जाडी, खुंटी, भोक सगळं एकाच प्रमाणात घटत नाही, म्हणून एक गुडघा घट्ट होतो आणि दुसरा लुळा. दुकानदार म्हणायचा, ''जोर लावू नको बाळा, हळू वळव.'' पोरगं जोर लावायचंच आणि सांध्याची खुंटी तुटायची. साध्या हातमशीनवर मोटार किंवा शिट्टी काढणाऱ्या गाळ्याने या रोबोच्या वाटेला फारसं जाऊ नये याचंही कारण हेच असणार: इतके तुकडे, प्रत्येकाची डाय वेगळी आणि सगळे एकमेकांत बसायला हवेत.

साचा तुकड्यावरून घेतल्याची आणखी एक खूण असते. मूळ खेळण्याच्या पायाच्या आतल्या बाजूला ताकाराचं नाव आणि सालं उठावदार अक्षरांत असतात. नकलेत ती कधी घासून काढलेली असतात, तिथे गुळगुळीत चट्टा दिसतो. कधी घासायचा कंटाळा केलेला असतो आणि अक्षरांचे नुसते फुगवटे उरतात. तिरप्या उजेडात धरलं की १९८० किंवा १९८२ वाचता येतं. मग जत्रेतल्या त्या निनावी रोबोचं जन्मस्थान, साल आणि घराणं एकदम हाती लागतं. मला या अर्धवट पुसलेल्या अक्षरांचं फार मोल वाटतं. कोणाच्या तरी कल्पकतेची ती सही आहे, आणि चोरणाऱ्यालाही ती पूर्ण पुसता आलेली नाही.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. त्याआधी २०२० मध्ये आयातशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं होतं, २०२३ मध्ये ते ७० झालं. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या रंगात शिसं नसावं यासाठी असा नियम हवाच होता. पण जुन्या निनावी रोबोंची नोंद त्याआधी कोणी ठेवली नाही. चित्रपटांनंतर अधिकृत ऑप्टिमस मॉलमध्ये आला, त्याचं चरित्र सगळ्यांना पाठ आहे. ज्या रोबोंनी गिरगाव-परळच्या पोरांना पहिल्यांदा हा खेळ शिकवला ते माळ्यावरच्या डब्यांत आहेत, घर पुनर्विकासाला गेलं की भंगारात निघतात आणि त्यातले थोडे चोर बाजारात पोहोचतात.

तिथे एखादा दिसला तर टाकाऊ समजून पुढे जाऊ नका. आधी पायाची आतली बाजू बघा. मग स्क्रूची डोकी: ती उघडी दिसत असतील तर घाईचं काम, पाठीकडे दडवली असतील तर नक्कल करणाऱ्यालाही अभिमान होता. दरवाजे खांद्यांमागे जातात का, बंपर छातीवर येतो का, ते फिरवून पाहा. आणि शेवटी मूठ. मायक्रोमॅनची ती ५ मिलिमीटरची खुंटी या घराण्यात आजही चालू आहे; नव्या ट्रान्सफॉर्मर्सची हत्यारं त्याच मापाची असतात. या कुळातल्या जुन्या रोबोंपैकी पुष्कळांच्या मुठीत ते भोक सापडतं. सोबत ५ मिलिमीटरचं ड्रिल बिट ठेवलं तर जागेवरच कळतं. सहज गेलं तर मूळ डाय किंवा तिची नीट काढलेली प्रत. अडखळलं, आणि भोक ४.९ भरलं, तर आकसलेल्या साच्यातला.