वेदीपासून मलिद्यापर्यंत

उपासना पशुबलीपासून मुक्त कशी झाली, हा धर्मेतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न होय. प्राचीन इस्रायली लोकांच्या जेरुसलेम येथील मंदिरात रोज सकाळ-सायंकाळ कोकराचा बळी दिला जाई. पौरोहित्य अहरोनाच्या वंशात जन्मानेच चालत असे. इ.स.पू. ८ व्या शतकात आमोस व यशया या संदेष्ट्यांनी न्यायाविना केलेला यज्ञ व्यर्थ असल्याचे बजावले. तथापि वेदी थंडावली नाही. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनी सैन्याने मंदिर पाडले. पुढे पुन्हा उभारलेले मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी जाळले. त्यानंतर प्रार्थना, ग्रंथवाचन व शब्बाथपालन यांनीच बलीची जागा घेतली.

या परंपरेची एक शाखा महाराष्ट्रातच आहे. कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार, अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे हे वंशज. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस 'शनवार तेली' म्हणत. ना मंदिर, ना पुरोहित. आठव्या दिवसाची सुंता, शब्बाथ आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढ्यावर त्यांनी आपली ओळख टिकविली. त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर मुंबईत १७९६ साली उभे राहिले. त्यास ते 'मशीद' म्हणत. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावे ते पोहे, खोबरे, गोडी व फळे यांचा मलिदा करतात. या अर्पणात रक्ताचा थेंबही नाही.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे दीघनिकायातील कूटदन्त सुत्त आठवल्यावाचून राहत नाही. खाणुमत येथील कूटदन्त ब्राह्मणाने यज्ञासाठी शेकडो बैल, वासरे, बोकड व मेंढे यूपाशी आणले होते. भगवंतांनी त्यास महाविजित राजाच्या यज्ञाची कथा सांगितली. त्या यज्ञात पशू मारले नाहीत, झाडे तोडली नाहीत, दास-सेवकांना दंडाच्या धाकाने राबविले नाही. त्याआधी राजाने शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व सेवकास वेतन द्यावे, असा सल्ला पुरोहिताने दिला होता. त्याहून श्रेष्ठ दान, त्याहून श्रेष्ठ शरणगमन आणि त्याहूनही श्रेष्ठ शील, असा क्रम भगवंत लावतात. अखेर कूटदन्त पशूंना सोडून देतो. जेरुसलेमची वेदी शत्रूच्या आघाताने बंद पडली; कूटदन्ताची वेदी विचाराने बंद पडली. आमच्या मते हा भेद मूलगामी आहे.

परंतु वेदी गेली म्हणजे विषमता गेली, असे नव्हे. बेने इस्रायलांत 'गोरे' व 'काळे' असे दोन भेद निर्माण झाले. आईच्या कुळावरून 'काळे' ठरलेल्यांशी 'गोरे' बेटीव्यवहार टाळीत. बळी नाही, जन्मसिद्ध पुरोहित नाही, तरी जन्माची उतरंड उरली.

यवतमाळ जिल्ह्यातील विहारांत आपण फुले, दीप व धूप यांनी वंदना करतो. तिथेही ना बळी, ना जन्मसिद्ध पुरोहित. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ही उपासना आपल्या हाती आली. पण त्याच विहारातील दोन कुटुंबे सोयरीक ठरविताना पोटजात विचारीत असतील, तर कूटदन्ताच्या क्रमातील शीलाची पायरी आपण अद्याप चढलो नाही, असेच म्हणावे लागेल.